भिंतीवरून उतरवलेला फोटो

आपल्या समाजातील कोणत्याही घरात पाऊल टाका. ते चाळीतले असो, झोपडपट्टीतले असो की गावच्या बौद्धवाड्यातले असो. समोरच्या भिंतीवर प्रथम दिसतात ते तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब. त्यांच्या शेजारी त्या घरची माणसे असतात. उभ्या आयुष्यात एकदाच स्टुडिओत जाऊन बसलेले आजोबा असतात, लग्नातला जोडीचा फोटो असतो, पदवीचा काळा झगा घातलेली मुलगी असते. घर दहा बाय दहाचे असले तरी या भिंतीवर कुणी कपाट ठेवत नाही. ज्यांच्या पूर्वजांचे नाव कुठल्या बखरीत नाही, त्यांची बखर हीच.

अशाच एका घरी मध्यंतरी आमचे जाणे झाले. भिंतीवर तीन फोटो होते आणि चौथ्याच्या जागी नुसता खिळा. खिळ्याखाली रंगाचा एक चौकोन आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गडद राहिला होता. आम्ही काही विचारले नाही. चहा झाल्यावर त्या माउलीनेच सांगितले. थोरला मुलगा आत आहे. दोन वर्षे होत आली, केस अजून उभी राहिलेली नाही. "येणारा-जाणारा बघतो, हा कुठं असतो म्हणून विचारतो. किती वेळा खोटं बोलायचं? म्हणून काढून ठेवला." मग तिने पत्र्याची पेटी उघडली, सणाच्या लुगड्याच्या घडीतून फोटो काढला, पदराने पुसला, आम्हाला दाखवला आणि पुन्हा घडीत ठेवून दिला.

तो खिळा आमच्या डोळ्यांपुढून हलेना. तुरुंगात गेलेल्या माणसाचा फोटो कुणी काढावा, कसा काढावा आणि तो कुणाकडे राहावा? प्रश्न साधा दिसतो. पण वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नात माणसाच्या माणूसपणाचा सारा झगडा आहे. म्हणून या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे.

नंबरची पाटी

कैद्याचा फोटो म्हटला की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. छातीशी नंबरची पाटी, एक फोटो समोरून आणि एक बाजूने. ही पद्धत आपोआप पडलेली नाही. १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तियाँ या कारकुनाने ती बसवून दिली. पकडलेल्या माणसाच्या डोक्याची, कानाची, हातापायांची मापे घ्यायची, ठराविक अंतरावरून दोन फोटो काढायचे आणि सारे एका कार्डावर लावून कपाटात ठेवायचे. नाव बदलून पुन्हा सापडलेला माणूस ओळखू यावा, हा त्यामागचा हेतू. तो हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्या फोटोत कसे बसायचे आणि कुठे पाहायचे, हे बसणारा ठरवत नाही. तो फोटो त्याच्यासाठी काढलेला नसतो आणि त्याच्या घरी तो कधीच जात नाही.

आपल्या देशात तर काही गुन्हा न करताही माणसांना असे उभे केले गेले. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यांत जातीजमातींच्या माणसांचे फोटो होते आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाचे शेरे होते. त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला आणि कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. लोकांच्या मनातून तो अजून पुसला गेला आहे काय, हे आपल्या भटक्या-विमुक्त भावांना विचारावे.

पुढे रिस्ले नावाचा साहेब पट्टी घेऊन लोकांची नाके मोजू लागला. नाकाच्या मापावरून कोण उच्च आणि कोण नीच ते तो ठरवू पाहत होता. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हीच नाकांची मापे हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत. शत्रूच्या पट्टीनेच शत्रूचे माप काढले!

आणि बाबासाहेबांचे स्वतःचे फोटो आठवा. नीट इस्त्रीचा कोट, टाय, हातात पुस्तक, नजर सरळ. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांचा नेता कॅमेऱ्यापुढे कसा बसला ते पाहा. अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस यांनी हेच केले होते. गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस १८३८ साली मालकाच्या तावडीतून पळाला आणि गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता झाला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सर्वांत जास्त फोटो त्यांचेच निघाले असे अभ्यासक सांगतात. आजवर सुमारे १६० मोजले गेले आहेत. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत काळ्या माणसाचे चित्र म्हणजे दात विचकणारा विदूषक असे. डग्लस कॅमेऱ्यापुढे चांगल्या कोटात आणि गंभीर चेहऱ्याने बसले, ते जाणूनबुजून. आपला चेहरा जगाला कसा दिसावा, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी मालकांकडून हिसकावून घेतला.

मळ्याचा झाला तुरुंग

डग्लस ज्या गुलामगिरीशी लढले, तिच्याच एका मळ्यावर आज अमेरिकेतील एक फार मोठा तुरुंग उभा आहे. लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली ही १८ हजार एकर जमीन. नाव अँगोला. आफ्रिकेतील ज्या मुलखातून गुलाम धरून आणले जात, त्या मुलखाचेच नाव या मळ्याला पडले होते आणि तेच तुरुंगाला चिकटले.

१८६५ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. पण त्या दुरुस्तीत एक पळवाट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी चालेल, असे त्यात लिहिले होते. मग काय! किरकोळ कारणांनी काळ्या माणसांना पकडायचे, शिक्षा द्यायची आणि मळेवाल्यांना भाड्याने द्यायचे असा धंदाच सुरू झाला. सॅम्युअल जेम्स नावाच्या माजी मेजरने सरकारकडून कैदी भाड्याने घेतले आणि १८८० पासून अँगोलाच्या मळ्यावर राबवले. १९०१ साली राज्य सरकारने कैद्यांचा ताबा स्वतःकडे घेतला. मालक बदलला, कापूस तोच राहिला.

१८९८ साली त्या राज्याने कायदाच असा केला की बारा ज्यूरींपैकी नऊ जणांनी दोषी म्हटले तरी माणूस तुरुंगात जाईल. ज्यूरीत एखाद-दुसरा काळा माणूस बसला तरी त्याच्या मताला किंमत राहू नये, ही त्यामागची खुबी होती. पुढे नऊचे दहा झाले. एकमताची अट येण्यासाठी २०१८ सालचे मतदान व्हावे लागले. लुइझियानात दर तीन माणसांत एक काळा आहे, अँगोलात दर चार कैद्यांत सुमारे तीन काळे. मजुरी तासाला दोन सेंटपासून सुरू होते. तेथे जन्मठेप म्हणजे खरोखरच मरेपर्यंत. अनेक कैदी तेथेच म्हातारे होतात आणि कैद्यांनीच बनवलेल्या पेटीतून तुरुंगाच्याच दफनभूमीत जातात.

या तुरुंगाचे आणि आपले एक नाते आहे. १९७१ साली अँगोलाच्या कैद्यांनी आत ब्लॅक पँथरची शाखा काढली. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, त्याच पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अँगोलातील त्या शाखेचे हर्मन वॉलेस आणि अल्बर्ट वुडफॉक्स यांच्यावर १९७२ साली एका पहारेकऱ्याच्या खुनाचा आरोप आला. दोघांनीही तो शेवटपर्यंत नाकारला. वॉलेस २०१३ साली सुटले आणि तिसऱ्या दिवशी वारले. वुडफॉक्स १९ फेब्रुवारी २०१६ रोजी सुटले, तोवर त्यांची जवळजवळ ४४ वर्षे एकांतकोठडीत गेली होती. आपल्याकडे पँथरचे तरुण म्हातारे झाले, त्यांची नातवंडे कॉलेजात गेली, तोवर हा माणूस सहा बाय नऊ फुटांत होता.

आई गमावलेली बाई कॅमेरा घेऊन येते

अशा राज्यात १९९८ साली डेबोरा लस्टर नावाची एक गोरी फोटोग्राफर बाई तुरुंगाच्या दारात उभी राहिली. ती कोण होती ते आधी सांगितले पाहिजे. १९८८ साली तिच्या आईचा खून झाला होता. भाडोत्री मारेकऱ्याने घरात शिरून तिला मारले. त्या दुःखातून वाट काढण्यासाठी या बाईने कॅमेरा हाती घेतला.

एका कामासाठी ती लुइझियानाच्या ईशान्य भागात फिरत होती. गरीब मुलूख, ओसाड गावे आणि जिकडे तिकडे तुरुंग. एका तुरुंगशेतीच्या दारात तिने गाडी थांबवली आणि आतल्या लोकांचे फोटो काढू द्याल का, असे वॉर्डनला विचारले. तो हो म्हणाला. तिथून सुरू झालेले काम पुढे काही वर्षे चालले. त्या शेतीवरून ती सेंट गॅब्रियलच्या बायकांच्या तुरुंगात गेली आणि अँगोलातही गेली. सी. डी. राइट नावाची कवयित्री तिच्यासोबत असे. २००३ साली त्याचे पुस्तक निघाले.

तिची रीत अशी. सोबत एक काळा मखमली पडदा न्यायचा आणि तुरुंगातल्याच एखाद्या भिंतीवर तो लावायचा. पडदा लागला की मागचे गज, कुंपण, पहारा सारे झाकले जाते आणि उरतो तो माणूस. कधी कधी शेतात काम चालू असताना तिथेच फोटो घ्यायचा. ज्याची इच्छा असेल त्यानेच यायचे आणि आपल्याला हवे तसे उभे राहायचे. कुणी छातीवरचे गोंदण दाखवले, कुणी दोस्ताच्या खांद्यावर हात टाकला, कुणी कामाचे अवजार हाती धरले. सणाच्या दिवशी काही बायका नाटकातल्यासारखा पोशाख करून आल्या. ज्यांना रोज काय घालायचे, कधी उठायचे, कधी खायचे हे दुसरे ठरवतात, त्यांनी तेवढ्या घटकेपुरते स्वतःचे काहीतरी ठरवले.

हे फोटो तिने कागदावर न छापता तळहाताएवढ्या, पाच इंच बाय चार इंचाच्या काळ्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर छापले. त्यालाही कारण आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत लोखंडी पत्र्यावर स्वस्तात फोटो काढून मिळत. गरिबांचे पहिले फोटो ते. यादवी युद्धातले साधे शिपाई असे फोटो काढून घरी पाठवत. तीच आठवण या पत्र्यांत आहे. प्रत्येक पत्र्याच्या मागे त्या माणसाने सांगितलेली माहिती कोरली आहे. नाव, नंबर, जन्म कधी नि कुठे, शिक्षा किती, आत काम काय, मुले किती. बर्तियाँच्या कार्डावर नाकाकानाची मापे असत. या पत्र्यावर लेकरांची संख्या आहे!

प्रदर्शनात हे पत्रे एका पोलादी कपाटाच्या खणांत ठेवतात. पाहणाऱ्याने खण ओढायचा, पत्रा हातात घ्यायचा, उलटून वाचायचा. भिंतीवरचे चित्र लांबून बघून पुढे सरकता येते. हातात आलेल्या माणसाला असे टाळता येत नाही.

पण या सगळ्यापेक्षा आम्हाला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. जो जो फोटोला बसला, त्या प्रत्येकाला तिने पाकिटात मावतील असे दहा-पंधरा फोटो फुकट दिले. असे सुमारे २५ हजार फोटो तिने कैद्यांच्या हाती परत दिले. तिथून ते टपालाने घरोघर गेले. आईकडे, बायकोकडे, वर्षानुवर्षे न भेटलेल्या मुलांकडे.

बायकांच्या तुरुंगातील एका बाईची हकिकत लस्टरने सांगितली आहे. त्या बाईला एकोणीस मुले, शिक्षा मोठी. ती आत आल्यापासून एकही मूल तिच्याशी बोललेले नव्हते. फोटो पाठवले तर कदाचित त्यांचे मन पाघळेल, असे म्हणून तिने फोटो मागून घेतले. काही महिन्यांनी लस्टरची आणि तिची पुन्हा गाठ पडली. एकोणीसपैकी चौघे भेटून गेले होते. धाकटाही आला होता. ती आत गेली तेव्हा तो लहानगा होता, आता जवान झाला होता.

एकोणीसपैकी चार. कुणी म्हणेल, हे काय यश? आम्ही म्हणतो, ज्या आईला शून्य होते तिला जाऊन विचारा.

आपलीच माणसे, आपलाच कॅमेरा

लस्टर बाहेरून आली होती. आतल्यांच्या वस्तीतूनही कॅमेरा आला, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. न्यू ऑर्लीन्स शहरातील लोअर नाइन्थ वॉर्ड ही कष्टकरी काळ्या लोकांची वस्ती. कीथ कॅल्हून आणि चंद्रा मॅकॉर्मिक हे काळे नवरा-बायको तिथलेच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते अँगोलाचे फोटो काढत आले. त्यांच्या वस्तीतलीच पोरे, शेजाऱ्यांचे भाऊ, ओळखीच्यांचे बाप तिथे होते. शेतात रांगेने कुदळी चालवणारे काळे कैदी आणि मागे घोड्यावर बंदूक घेतलेला पहारेकरी, असे त्यांचे फोटो आहेत. खाली साल लिहिले नसते तर गुलामगिरीच्या काळातला फोटो म्हणून सहज खपला असता.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने ती वस्ती पाण्याखाली गेली. या जोडप्याचे घर बुडाले आणि आयुष्यभराच्या निगेटिव्ह चिखलात भिजल्या. त्यांनी त्या फेकल्या नाहीत. डागाळलेल्या, रंग उतरलेल्या निगेटिव्हवरून पुढे त्यांनी फोटो केले आणि तेही लोकांपुढे मांडले. २०१५ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांचे काम लागले. गरिबाची बखर पाण्यात भिजली तरी ती बखरच असते.

मग ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय?

हे वाचून काही वाचक रागावतील आणि त्यांचा राग खोटा नाही. ते म्हणतील, खुनी माणसांचे फोटो कशाला मिरवायचे? मेलेल्याचा फोटो कोण पाहणार?

आम्ही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांना हालहाल करून मारले. त्या गुन्ह्यातल्या माणसांचे असे सुंदर फोटो कुणी आमच्या हातात दिले, मागे त्यांच्या लेकरांची संख्या कोरून दिली, तर आम्ही पत्रा उलटून वाचू काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर हात थरथरेल. आणि तो थरथरावा. अन्याय विसरा असे आम्ही कुणाला सांगणार नाही. न्याय झालाच पाहिजे. ज्याचे माणूस गेले त्याला क्षमेचे धडे देण्याचा अधिकार तिसऱ्या कुणाला नाही.

पण लस्टर तिसरी नव्हती. तिची आई गेली होती. खण ओढून पत्रे पाहणाऱ्या कुणाहीपेक्षा रागावण्याचा हक्क तिला जास्त होता. तिने गुन्हा झाकला नाही. शिक्षेची वर्षे तिने पत्र्यावर कोरूनच ठेवली. तिने एवढेच सांगितले की या वर्षांच्या अलीकडे-पलीकडेही एक माणूस आहे. तिच्या पुस्तकाचे नाव 'वन बिग सेल्फ', म्हणजे आपण सारे मिळून एकच मोठा 'स्व'. आपला धम्म आत्मा मानत नाही, त्यामुळे हा शब्द आपल्याला खटकेल. पण भाव कळतो. आतली माणसे आणि बाहेरची माणसे अशा दोन जाती नाहीत, असे ती बाई म्हणते. जातीचा जाच सोसलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बापाचे नाव विचारणारा राजा

आता आपल्या घरची गोष्ट पाहू. अंगुलिमालाची कथा आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेची वेगळी प्रकरणेच लिहिली, त्यांत ती आहे. पण या कथेतला एक लहानसा प्रसंग आपण सहसा घाईने ओलांडतो. मज्झिम निकायातल्या सुत्तात तो आहे.

अंगुलिमाल भिक्खू झाला होता. कोसलनरेश पसेनदी त्याला पकडण्यासाठी पाचशे स्वार घेऊन निघाला आणि वाटेत भगवंतांना भेटायला थांबला. भगवंतांनी विचारले, तो डाकू मुंडन करून, चीवर नेसून, शील पाळणारा भिक्खू झालेला दिसला तर काय कराल? राजा म्हणाला, वंदन करीन. तेव्हा भगवंतांनी उजवा हात पुढे करून जवळच बसलेल्या भिक्खूकडे बोट दाखवले. हाच अंगुलिमाल.

राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. भगवंतांनी त्याला धीर दिला. मग राजा त्या भिक्खूजवळ गेला आणि त्याने काय विचारले? किती खून केलेस, असे विचारले नाही. त्याने विचारले, आर्य, आपले वडील कोणत्या गोत्राचे, आई कोणत्या? भिक्खू म्हणाला, वडील गग्ग, आई मंतानी. आणि त्या क्षणापासून राजा त्याला 'गग्ग मंतानीपुत्त' म्हणून बोलवू लागला.

अंगुलिमाल हे काही त्याच्या आईने ठेवलेले नाव नव्हते. ती लोकांनी त्याच्या गळ्यात अडकवलेली पाटी होती, जशी आज छातीवर नंबराची असते. राजाने ती पाटी बाजूला केली आणि त्याला त्याच्या आईबापांत परत बसवले. लस्टरने पत्र्याच्या मागे जे कोरले, ते हेच नव्हे काय?

आणि कथा तिथे थांबत नाही, हेही लक्षात ठेवावे. भिक्षेला गेलेल्या या भिक्खूवर लोकांनी दगडगोटे मारले. तो डोके फुटलेला, भिक्षापात्र मोडलेले, रक्ताने माखलेला असा परत आला. सहन कर, असे भगवंतांनी त्याला सांगितले. केलेल्या कर्माचे फळ धम्मात माफ होत नाही. तरीही संघात त्याची जागा कायम राहिली.

आपल्या तुरुंगांत

आपल्याकडच्या तुरुंगांत काय चालते? २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतली चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा कोर्टात अजून सिद्धच झालेला नाही अशी. आत गेल्यावर तरी जात सुटते काय? नाही. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने २०२० साली लिहून उघडकीस आणले की अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावलीत झाडूकाम आणि संडास-सफाई एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला असे छापील कायदेच होते. तिच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. बाबासाहेबांच्या घटनेतले सतरावे कलम तुरुंगाच्या दारातून आत जायला ७४ वर्षे लागली!

कागदावरचा रकाना गेला. मनातला रकाना काढायचे काम आपले आहे, आणि ते आपल्या घरापासून सुरू होते. शेजारचा मुलगा आत गेला की आपण त्या घरी जाणे थांबवतो. विहारात त्याची आई मागच्या रांगेत बसू लागते, आणि तिने पुढे यावे असे कुणी म्हणत नाही. मंडळाच्या जयंतीच्या वर्गणीला तिच्या दारात कुणी जात नाही. वर्गणी वाचली म्हणून ती माउली खूश होत नसते. वस्तीच्या यादीतून आपले घर गेले, एवढे तिला कळते.

म्हणून आमचे वाचकांना चार शब्द सांगणे आहे. आपल्या घरचे कुणी आत असेल तर त्याला पत्र लिहा. तुरुंग कार्यालयात विचारून, परवानगी असेल तर पत्रासोबत घरच्यांचा फोटो पाठवा. लहान मुले वाढत असतील तर वर्षाला नवा फोटो पाठवा. आपले लेकरू केवढे झाले हे आतल्या बापाला कळले पाहिजे. मुलाखतीचा दिवस चुकवू नका. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत अर्ज करा. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि स्त्रियांना तर तो बाहेर असतानाही आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारातल्या शिकल्या पोराला बसवा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे बाबासाहेबांनी आपल्याला अशाच कामांसाठी सांगितले आहे.

आणि ज्यांच्या घरी कुणी आत नाही, त्यांनी त्या घरी एकदा चहाला जावे. मुलगा कसा आहे, असे उघड विचारावे. त्याने काय केले ते कोर्ट बघेल. आपण त्याच्या आईचे नाव घेऊन तिला हाक मारावी, पसेनदी राजाने मंतानीचे घेतले तसे.

त्या पेटीतल्या फोटोचे काय झाले, असे कुणी विचारील. आम्ही निघताना एवढेच म्हणालो, "माई, बाबासाहेबांच्या भिंतीवर त्याला जागा नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ती काही बोलली नाही. दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. पुढच्या पौर्णिमेला आम्ही पुन्हा त्या घरी जाणार आहोत. खिळा अजून भिंतीत आहे.

जयभीम.